शेंकड्याचा न्याय

परोपकारी संस्थेची परीक्षा कशी करावी असा प्रश्न निघाला म्हणजे आमच्या सुशिक्षित मंडळींत एक उत्तर तयार असतें : कचेरीवर किती खर्च होतो तें पहा, रुपयांतले ऐंशी पैसे गरजूपर्यंत पोंचत असले तर संस्था चांगली, साठच पोंचत असले तर वाईट. हें उत्तर ऐकावयास इतकें शहाणपणाचें वाटतें कीं, त्याच्या पोटांतली चूक सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या मतें ह्या एका शेंकड्यानें दात्यांची, संस्थांची व अलीकडे सरकारचीहि दिशाभूल केली आहे. त्यांतून संस्था ख्रिस्ती असली व तिचें कार्य मुलांत चालत असलें कीं ही दिशाभूल दुप्पट होते. कारण एका पक्षाला शेंकडा पुरतो, आणि दुसऱ्याला तोहि लागत नाहीं, 'मिशनरी' एवढा एक शब्द पुरतो.

उदाहरणासाठीं आम्ही एखादी लहानशी संस्था घेत नाहीं. 'कंपॅशन इंटरनॅशनल' ही अमेरिकेंतील संस्था एव्हरेट स्वॉन्सन नांवाच्या धर्मोपदेशकानें १९५२ मध्यें कोरियांतील युद्धांत अनाथ झालेल्या मुलांसाठीं काढली. तिचें मुख्य ठाणें कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें आहे. वीसांहून अधिक देशांत वीस लाखांहून अधिक मुलें तिच्या पटावर आहेत, आणि तिचें वार्षिक उत्पन्न अलीकडच्या वर्षांत एक अब्ज डॉलरांच्या वर गेलें आहे. कार्याची पद्धति साधी आहे. दूरदेशींचा एक दाता एका मुलाचें पालकत्व पतकरतो. २०१७ च्या सुमारास त्याला दरमहा ३८ डॉलर द्यावे लागत. त्या पैशांतून मुलाची फी, गणवेश, खाणें, वैद्यकीय तपासणी आणि शाळा सुटल्यावर केंद्रांत होणारी शिकवणी हीं चालतात. दाता व मूल एकमेकांस पत्रें लिहितात. हीं केंद्रें त्या त्या गांवच्या चर्चच्या आश्रयानेंच चालतात, आणि मुलाची धार्मिक वाढ हा आपल्या कार्याचा एक भाग आहे हें संस्था लपवीत नाहीं. मूल ख्रिस्तीच असलें पाहिजे अशी मात्र अट नाहीं. भारतांत ही संस्था जवळजवळ अर्धशतक होती. मार्च २०१७ मध्यें ती येथून गेली, तेव्हां सुमारें दीड लाख मुलें तिच्या येथील पटावर होतीं.

आतां शेंकडा पाहूं. संस्थेचें म्हणणें असें कीं, खर्चापैकीं शेंकडा ऐंशींहून अधिक रक्कम मुलांच्या कार्यावर जाते. तिचे हिशेब तपासलेले असतात. त्यांत खोटें आहे असें म्हणण्यास आम्हांस कांहींच आधार नाहीं. पण त्या ऐंशीवरून सिद्ध काय होतें? पैसा कोणत्या खात्यावर पडला, एवढेंच. शिकविणाऱ्या बाईंचा पगार हा कार्याचा खर्च, आणि बाई वेळेवर येतात कीं नाहीं हें पाहणाऱ्याचा पगार हा व्यवस्थेचा खर्च. म्हणजे बाई येतात कीं नाहीं हें कोणी पाहूंच नये, ह्यांत शेंकड्याचें हित! मुलाला आणून बसविलें, खाऊं घातलें, घरीं पाठविलें, आणि दहा वर्षांनीं तें जेथें राहावयाचें तेथेंच राहिलें, तरी शेंकडा ऐंशीचा ऐंशीच. मुलाचें पुढें काय झालें हें शोधावयास माणसें पाठविलीं, तर मात्र तो लागलाच खालीं येतो.

हाच शेंकडा आमच्या कायद्यांतहि शिरला आहे. परकीय योगदान नियमन कायदा २०१० चा. परदेशी देणगीपैकीं निम्म्यापर्यंत रक्कम व्यवस्थेवर खर्च करण्यास त्यांत मुभा होती; २०२० च्या दुरुस्तीनें ती मर्यादा शेंकडा वीसवर आणली. हिशेब ठेवणें आणि अहवाल लिहिणें ह्यांचा खर्चहि नियमांप्रमाणें व्यवस्थेच्याच खात्यांत पडतो. 'चोख हिशेब द्या' असें बजावावयाचें आणि हिशेब लिहिणाराचेंच पोट आवळावयाचें, ह्याला काय म्हणावें तें वाचकांनींच ठरवावें.

कागद स्वच्छ असूनहि दाता कसा अंधारांत राहतो, ह्याचें एक उदाहरण पुरे आहे. मार्च १९९८ मध्यें 'शिकागो ट्रिब्यून' ह्या वृत्तपत्रानें पालकत्वाच्या पद्धतीनें चालणाऱ्या चार मोठ्या संस्थांची पाहणी छापली. (कंपॅशन त्या चारांत नव्हती.) वृत्तपत्राच्या मंडळींनीं स्वतः दाते होऊन मुलांचें पालकत्व घेतलें, आणि मग त्या मुलांचा शोध करीत ते त्यांच्या गांवीं जाऊन पोंचले. आफ्रिकेंतील माली देशांतली एक मुलगी केव्हांच वारली होती. तरी दात्याकडे तिच्या नांवानें मजकूर येतच राहिला होता. ही गोष्ट कोणत्या ताळेबंदांत दिसली असती?

तेव्हां खरा प्रश्न एकच : ह्या पैशानें मुलाचें आयुष्य बदललें काय? सुदैवानें कंपॅशनच्या बाबतींत ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा गंभीर प्रयत्न झाला आहे. ब्रूस वायडिक, पॉल ग्लुई आणि लेन रटलेज ह्या तीन अर्थशास्त्रज्ञांचा निबंध २०१३ मध्यें 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी' ह्या नियतकालिकांत आला. बोलिव्हिया, ग्वातेमाला, भारत, केनिया, फिलिपाईन्स व युगांडा ह्या सहा देशांतील १०,१४४ माणसांची माहिती त्यासाठीं गोळा केली होती. तुलना कशी केली तें समजून घेण्यासारखें आहे. जीं मुलें केंद्रांत येतात त्यांचे आईबापच अधिक जागरूक असतील, मग मुलें पुढें गेलीं तर श्रेय केंद्राचें कीं आईबापांचें? ही अडचण त्यांनीं अशी सोडविली. गांवांत केंद्र नव्यानें निघे तेव्हां बारा वर्षांपर्यंतच्याच मुलांस घेत. त्यामुळें एकाच घरांतलें धाकटें भावंड आंत येई, आणि थोरलें केवळ वयामुळें बाहेर राही. आईबाप तेच, चूलहि तीच. हीं भावंडें वयांत आल्यावर त्यांची तुलना केली, शेजारच्यांचीहि माहिती घेतली, आणि लहानथोरपणामुळें सहज पडणारा फरक वजा केला.

निष्कर्ष असा निघाला कीं, केंद्रांतल्या मुलांचें शिक्षण सुमारें एक ते दीड वर्ष अधिक झालें. माध्यमिक शिक्षण पुरें करणारांचें प्रमाण एरव्हीं शेंकडा पंचेचाळीसांच्या आसपास होतें, त्यांत बारा ते सोळांची भर पडली. नोकरी मिळण्याचा संभव वाढला व नोकरीचा दर्जाहि वाढला. हे आंकडे लहान नव्हेत. ज्याला शेंकडाच हवा असेल त्यानें हा शेंकडा घ्यावा.

ह्या निबंधावर आक्षेप नाहींत असें नाहीं. चिठ्ठ्या टाकून मुलें निवडलीं नव्हतीं. वयाची अट सर्वत्र काटेकोरपणें पाळली गेली असेल असेंहि नाहीं. परंतु सर्वांत मोठी उणीव दुसरीच आहे. फी, जेवण, डॉक्टर, शिकवणी, सातासमुद्रांपलीकडून येणारें पत्र आणि बायबलाचा पाठ, ह्यांपैकीं गुण कशाचा आला हें ह्या मोजणींतून निघत नाहीं. मुलांच्या आकांक्षा वाढल्या, हें एक कारण असावें असें लेखकांचें अनुमान आहे. पण आकांक्षा वाढविली कोणी? प्रेमळ बाईंनीं, कीं धर्मोपदेशकानें? भाविक दाता एक उत्तर देईल, आम्ही कदाचित् दुसरें देऊं, आणि दोघांजवळहि पुरावा सारखाच तोकडा असेल.

कोणी म्हणेल, हें सारें महाग आहे. दरमहा ३८ डॉलर म्हणजे वर्षाचे ४५६. नऊ वर्षें मूल केंद्रांत राहिलें तर चार हजारांवर डॉलर झाले, आणि पदरांत काय पडलें, तर सव्वा वर्षाचें शिक्षण! त्यापेक्षां केनियांत शाळकरी मुलांना जंताचें औषध दिलें, त्याला मुलामागें वर्षाला एक डॉलरहि लागला नाहीं आणि गैरहजेरी चौथ्या हिश्श्यानें कमी झाली. मिगेल व क्रेमर ह्यांनीं २००४ मध्यें हें छापलें आहे. आक्षेप वजनदार आहे, व असा आक्षेप घेणारा मनुष्य शेंकडा मोजणारापेक्षां आम्हांस अधिक जवळचा वाटतो; तो निदान योग्य वस्तु तराजूंत घालतो. तथापि त्याच औषधाच्या आंकड्यांची २०१५ मध्यें फेरतपासणी होऊन मोठा वाद माजला होता, आणि चार हजार डॉलरांत शिक्षणाखेरीज जेवण, औषधपाणी व नोकरीची आशाहि आली होती, हें त्यानें विसरूं नये. स्वस्त तें दान अधिक पसरतें. पण सर्वच दान औषधाच्या गोळीएवढें करतां येत नाहीं.

राहिला धर्म. येथें मराठी वाचकाला शारदासदनाची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. पंडिता रमाबाईंनीं १८८९ मध्यें तें मुंबईंत काढलें व पुढच्याच वर्षीं पुण्यास आणलें. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा होता, म्हणजे ख्रिस्ती अमेरिकन दात्यांचा. १८९३ मध्यें मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात ह्यावरून वादळ उठलें; 'केसरी'नें टीकेची झोड उठविली, आणि रानडे व भांडारकर सल्लागारपदावरून दूर झाले. ह्या वादांत टीकाकारांची तक्रार सर्वस्वीं पोकळ होती असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या संस्थेनें धर्माच्या बाबतींत तटस्थतेचें वचन दिलें तिनें तें अक्षरशः पाळावें, हें मागणें रास्तच होतें. परंतु ह्याच १८९३ च्या मार्चमध्यें सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकीं एक विधवा, गोदूबाई, धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं विवाहबद्ध झाली, आणि तीनच वर्षांनीं कर्व्यांनीं अनाथ बालिकाश्रमाचें कार्य आरंभिलें. बोस्टनच्या डॉलरांचें फळ कोणतें, असें कोणी विचारलें तर वादाच्या दोन्ही पक्षांच्या वहींत ही नोंद सांपडली नसती.

कंपॅशनकडेहि आमचें मागणें तेंच आहे. धर्मशिक्षण देतां तर द्या. पण किती तास देतां तें हिशेबांत दाखवा, आईबापांनीं नको म्हटलें तर त्या तासापुरतें मूल बाहेर खेळूं द्या, आणि त्यानें त्याच्या दुपारच्या खाण्यांत घांसभरहि कमी पडूं नये. जी संस्था शेंकड्याचा हिशेब देते तिला तासांचा देणें जड जाऊं नये.

सरकारनें मात्र तास विचारले नाहींत. २०१६ मध्यें गृहमंत्रालयानें संस्थेच्या पैशाला पूर्वपरवानगीची अट घातली. धर्मांतराचा आरोप होता, संस्थेनें तो नाकारला. परवानगी मिळेना, तेव्हां पुढच्या वर्षीं तिनें गाशा गुंडाळला. आरोपाचा निवाडा न्यायालयांत होऊन हें झालें नाहीं. तिकडे अमेरिकेच्या काँग्रेसच्या समितीपुढें धर्मस्वातंत्र्याची भाषा झाली, इकडे राष्ट्रीय हिताची झाली. तिसऱ्या वर्गांतल्या मुलाची शिकवणी बंद पडली, ही भाषा दोन्हीकडे अंमळ हळू बोलली गेली. बंदी योग्य होती असें मानणारांसहि आमचें सांगणें आहे कीं, बंदीलाहि ताळेबंद असतो.

आणि तो मांडणें अशक्य नाहीं. २०१७ मध्यें बारा वर्षांचें असलेलें मूल आज सज्ञान झालें आहे. त्याचें थोरलें भावंड केंद्रांतून पुरतें शिकून बाहेर पडलेलें असेल, आणि त्याची स्वतःची शिकवणी मध्येंच तुटलेली. वायडिक प्रभृतींनीं जी रीत वापरली तीच उलटी लावावी : घर तेंच, चूल तीच, थोरल्यास केंद्र लाभलें, धाकट्याचें सुटलें. आमच्या एखाद्या विद्यापीठानें दोनचार तालुके निवडून ही मोजणी हातीं घ्यावी. थोरलें व धाकटें ह्यांत कांहींच अंतर न आढळलें, तर पालकत्वाचा गौरव करणारांस आपलें म्हणणें मागें घ्यावें लागेल. अंतर आढळलें, तर परवानगी नाकारणारांस त्याचें उत्तर द्यावें लागेल. ह्या मोजणीस जो पैसा लागेल तो व्यवस्थेच्या खात्यांत पडेल, हें आम्हांस ठाऊक आहे.