डॅशबोर्ड चिकटतो? आधी फडकं बाजूला ठेवा!

मैत्रिणींनो, नव्या छोट्या गाडीच्या पैशात बारा-पंधरा वर्षं वापरलेली मर्सिडीज नाहीतर बीएमडब्ल्यू मिळते म्हटल्यावर यजमानांना मोह न झाला तरच नवल. गाडी दारात येते, पेढे वाटून होतात, आणि पहिल्या रविवारी पुसायला घेतली की लक्षात येतं, डॅशबोर्डला हात चिकटतोय. फडक्याचे धागे तिथेच राहतात, बोटाचा ठसा उमटतो तो जात नाही. मग घरात ठरतं, "तू जरा बघ, तुला जमतं!" (चिकट-ओशट म्हटलं की ते अजून आपल्याच खात्यात!)

तर आधी एक समजून घ्या. हा बहुतेक वेळा मळ नसतो, प्लॅस्टिकच बिघडलेलं असतं. कपाटात वर्षानुवर्षं घडी करून ठेवलेला प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ कसा चिकटून बसतो? त्यातलाच हा प्रकार. प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात तेलासारखं द्रव्य घालतात, ते उन्हाने हळूहळू वर येतं. बटणं, दाराच्या मुठी, ग्लव्हबॉक्सचं झाकण यांची गोष्ट थोडी निराळी. हाताला मखमली लागावं म्हणून त्यांच्यावर पॉलियुरेथेनचा मऊ रंग चढवलेला असतो. दमट हवेत त्याचे लांब रेणू तुटत जातात आणि रंगाचा डिंक होतो. जुन्या टॉर्चची मूठ अशी झालेली पुष्कळजणींनी पाहिली असेल. आपली मुंबई-कोकणची हवा तर याला फारच मानवते.

उन्हाचं म्हणाल, तर अमेरिकेत ॲरिझोनामध्ये उन्हाळ्यात गाड्या उभ्या करून मोजमाप केलं होतं, ते २०१८ साली प्रसिद्ध झालं. तासाभरात उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसला पोचला, सावलीतल्या गाडीचा ४८ला. आणि गाडी महाग म्हणून ती सुटते असंही नाही हो. लेक्ससच्या २००० नंतरच्या काही मॉडेलांचे डॅशबोर्ड असेच चिकट आणि चकचकीत झाले. तक्रारी इतक्या वाढल्या की अमेरिकेत कंपनीने ठराविक मुदतीपर्यंत ते बदलून देण्याची योजना काढली. ती मुदत सरली.

आता काय करायचं? पांढरं सुती फडकं साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि कोपऱ्यात, दिसणार नाही अशा जागी पुसून बघा. फडक्यावर पिवळट-तपकिरी ओशट डाग आला आणि खालची जागा कोरडी लागली, तर तुमचं नशीब चांगलं. आधीच्या मालकाने फासलेल्या पॉलिशवर धूळ बसली आहे, एवढंच. दोन-तीनदा पुसलंत की काम झालं.

फडकं काळं होत असेल तर तो रंग सुटतो आहे. बटणं-मुठींवरचा असा रंग पूर्ण काढून टाकणं हाच खरा उपाय. खाली साधं टणक प्लॅस्टिक निघतं, ते चांगलं दिसतं. यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, औषधांच्या दुकानात मिळतं. गाडी बंद, चारी दारं उघडी, हातात रबरी मोजे, आणि आसपास काडी-उदबत्ती नको, ते भुर्रकन पेट घेतं. अल्कोहोल थेट बटणावर ओतू नका, आत गेलं तर स्विच बिघडेल. जुन्या बनियनचे तुकडे करून त्यावर थोडंथोडं घ्या (टॉवेल नको, धागे सोडतो) आणि घासा. रंग गोळा होऊन निघू लागेल. तुकडा बदलत राहा, एका दुपारी अर्धंच झालं तरी चालेल. एक मात्र बघा, बटणावरची चिन्हं पुष्कळदा त्या रंगातच कोरलेली असतात. रंग गेला की चिन्हंही गेली! म्हणून आधी फोटो काढून ठेवा, आणि रोज लागणारी बटणं शेवटी घ्या.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. वरचा मोठा मऊ भागच, म्हणजे त्याचं कातडंच, चिकटलेलं असतं. इथे अल्कोहोल लावू नका, आणखी बिघडेल. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल, रॉकेल तर मुळीच नको. खोबरेल तेलाने दोन दिवस चमक येते आणि मग दुप्पट धूळ बसते. टाल्कम पावडर भुरभुरली की चिकटपणा दबतो, पण दोन दिवसांपुरताच. आणि चमक हीच तर खरी धोक्याची गोष्ट! चकचकीत डॅशबोर्डाचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि उन्हात चालवणाऱ्याला रस्ता नीट दिसत नाही. तेव्हा काळं, बिनचमकीचं, त्याच मॉडेलच्या मापाचं कापडी आच्छादन घालणं हा स्वस्तातला मार्ग.

मात्र आच्छादनात एअरबॅगची जागा मोकळी हवी. बसणाऱ्याच्या बाजूला डॅशबोर्डमध्येच एअरबॅगचं झाकण असतं, आणि धडक बसली की ते ठरल्या रेषेवर फाटून उघडावं लागतं. सीटकव्हरवाला "नवं रेक्झिन मढवून देतो, एका दिवसात" म्हणाला, तर त्याला पहिला प्रश्न हा विचारा: एअरबॅगच्या जागेचं काय करणार? उत्तर अडखळलं तर काम देऊ नका. त्याच जागी चिकटवलेली गणपतीची मूर्तीसुद्धा हलवा, एअरबॅग उघडताना ती उडून तोंडावर यायची.

पुरा डॅशबोर्ड बदलणं हे मोठ्या खर्चाचं काम; स्टिअरिंगपासून सगळं उकलावं लागतं. म्हणून गाडी अजून घ्यायचीच असेल, तर ती संध्याकाळी शोरूमच्या सावलीत बघू नका. दुपारी, उन्हात तासभर उभी राहिल्यावर बघायला जा, आणि तुम्हीही जा बरं का! काचेजवळ डॅशबोर्डवर बोट दाबा, ग्लव्हबॉक्सचं झाकण, दाराची मूठ चाचपा. पॉलिशचा भपकारा येत असेल तर ओल्या फडक्याने कोपरा पुसून बघायला संकोच करू नका. मग त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये चासिस नंबर देऊन नव्या डॅशबोर्डाची मजुरीसकट किंमत लिहून घ्या, आणि तो कागद भाव ठरवताना विकणाऱ्यापुढे ठेवा.