चमत्काराला चौकशीचे भय कशाला?

मार्च २०१२ मध्ये मुंबईत विलेपार्ले येथील वेलंकणी मातेच्या चर्चच्या आवारातील क्रूसावर, प्रभू येशूच्या पायांशी, पाणी ठिबकू लागले. बातमी पसरली, भाविकांची रीघ लागली आणि ते पाणी पवित्र मानून लोकांनी जमा केले. एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या बोलावण्यावरून बुद्धिवादी सनल इदमरुकू पाहणीसाठी आले. जवळच्या तुंबलेल्या गटाराचे पाणी सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने वर चढत आहे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. दूरचित्रवाणीवर वाद पेटला. तेथे त्यांनी ख्रिस्तसभेवरही कठोर टीका केली. मग धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी भारतीय दंडविधानाच्या कलम २९५ अ अन्वये पोलिसांत गेल्या आणि त्याच वर्षी ते फिनलंडला निघून गेले.

वाचकहो, ही जुनी गोष्ट पुन्हा काढण्यास कारण आहे. आजही जपमाळ आटोपून अंगणात गप्पा रंगल्या की कोणी मूर्तीच्या डोळ्यांतील अश्रूंची, कोणी भिंतीवर उमटलेल्या मुखाची हकीकत सांगतो. एखाद्या मुलाने ‘कशावरून?’ असे विचारले, की वडीलधारे त्याला दटावतात, ‘चार बुके शिकलास म्हणून देवावर शंका घेतोस?’ मुलाची शंका घटनेवर असते. आपण मात्र त्याच्या श्रद्धेलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो.

प्रत्यक्षात ख्रिस्तसभा स्वतः काय करते? पुढे पोप चौदावे बेनेडिक्ट झालेल्या लाम्बेर्तिनी ह्यांनी अठराव्या शतकातच रोगमुक्तीच्या चौकशीसाठी कडक कसोट्या घालून दिल्या. आजार गंभीर असावा, बरे होणे आकस्मिक, संपूर्ण आणि टिकाऊ असावे, औषधोपचाराने त्याचा उलगडा होता कामा नये. लूर्द येथे १८८३ पासून वैद्यकीय तपासणीचे कार्यालय आहे. कोणत्याही धर्माच्या किंवा निधर्मी डॉक्टरलाही त्या तपासणीत भाग घेता येतो. रोगमुक्तीचे सात हजारांहून अधिक दावे तेथे नोंदले गेले. २०२५ पर्यंत ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केले अवघे ७२! एवढी कठोर चाळणी लावणाऱ्या मातेची लेकरे आपण. मग गटार तपासणाऱ्याचा आपल्याला एवढा राग का यावा?

मे २०२४ मध्ये व्हॅटिकनने अशा घटनांविषयी नवे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार बिशपांनी चौकशी करून व्हॅटिकनच्या संमतीने निर्णय द्यावयाचा असतो. सर्वांत अनुकूल निर्णयाचा अर्थही ‘हरकत नाही’ एवढाच. घटना दैवी असल्याची ती ग्वाही नव्हे. अशा घटनेवर विश्वास ठेवण्याचे बंधन कोणाही कॅथोलिकावर नाही.

बुद्धिवादी मित्रांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. एका क्रूसाचे पाणी गटाराचे निघाले, म्हणून त्या क्रूसापुढे गुडघे टेकणाऱ्या विधवेची प्रार्थना खोटी ठरत नाही. घटनेचे कारण शोधणे हा तुमचा अधिकार. पण भाविकाला मूर्ख आणि धर्मगुरूंना सरसकट लबाड ठरवणे हे विज्ञान नव्हे, तो निव्वळ उद्दामपणा होय. तथापि उद्दामपणाला उत्तर युक्तिवादाने द्यावे, फौजदारी तक्रारीने नव्हे. निष्कर्ष चुकीचा वाटत होता, तर दुसरी तपासणी मागण्यापासून आपल्याला कोणी रोखले होते?

ज्या संत थॉमसला आपण भारताचा प्रेषित मानतो, त्याने जखमांचा पुरावा मागितला होता. प्रभूने त्याला सौम्यपणे सुनावले खरे, पण हाकलून दिले नाही. आधी जखमा पुढे केल्या. आपण मात्र पुरावा मागणाऱ्यापुढे पोलीस ठाणे केले.

म्हणून सांगावेसे वाटते, उद्या आपल्या धर्मग्रामात एखादी मूर्ती पाझरू लागली तर प्रथम नळजोडणी करणाऱ्याला बोलवावे, मग धर्मगुरूंना कळवावे आणि चौकशी पुरी होईपर्यंत पाण्याच्या बाटल्या भरू नयेत. पाणी गटाराचे निघाले तर गटार दुरुस्त करावे. सायंकाळची जपमाळ नेहमीच्या वेळी होईलच.