मातीच्या पत्रिकेत नसलेले रकाने

शहादा तालुक्यातील तापीकाठच्या सारंगखेडा परिसरातील शेती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून तयार झालेल्या काळ्या जमिनीवर उभी आहे. कापूस, मिरची, केळी, पपई आणि ऊस या पिकांनी शहादा तालुक्याला जी ओळख मिळवून दिली, तिचे श्रेय मुख्यतः या जमिनीतील चिकणमातीच्या धारणशक्तीकडे जाते. जड धातूंच्या, म्हणजे शिसे, कॅडमिअम, पारा यांसारख्या अल्प मात्रेतही घातक ठरणाऱ्या मूलद्रव्यांच्या बाबतीत मात्र हीच धारणशक्ती दुधारी ठरते. बहुतेक कीटकनाशकांचे रेणू कालांतराने विघटित होतात, धातूचा अणू विघटित होत नाही. अल्कधर्मी, चुनखडीयुक्त माती शिसे व कॅडमिअम घट्ट धरून ठेवत असल्यामुळे ते पिकात कमी उतरतात हे खरे, परंतु त्याच कारणाने ते शेतातून निघूनही जात नाहीत.

सारंगखेड्याच्या शिवारात विष भरले आहे, असा येथे दावा नाही. विचार करावयाचा आहे तो धातू शेतात येण्याच्या वाटांचा. स्फुरदयुक्त खते ज्या खडकापासून बनतात त्यात नैसर्गिकरीत्या कॅडमिअम असते, म्हणूनच युरोपीय संघाने 2022 पासून अशा खतांतील कॅडमिअमवर प्रतिकिलो स्फुरदामागे 60 मिलिग्रॅमची मर्यादा घातली. शहरी कचऱ्याच्या कंपोस्टसाठी भारताच्या खत नियंत्रण आदेशात शिशाची मर्यादा प्रतिकिलो 100 मिलिग्रॅम आणि कॅडमिअमची 5 मिलिग्रॅम आहे. पपईच्या बुंध्याशी ज्याची आळवणी होते त्या एक टक्का बोर्डो मिश्रणात 100 लिटर पाण्याला 1 किलो मोरचूद व 1 किलो चुना लागतो, आणि मोरचुदाचा सुमारे चौथा हिस्सा तांबे असल्याने अशा प्रत्येक 100 लिटर मिश्रणाबरोबर पाव किलो तांबे मातीत मुरते. तांबे हे पिकाला लागणारे सूक्ष्म अन्नद्रव्य खरे, पण गरजेपलीकडे साचलेले तांबे मुळांना आणि जमिनीतील जिवाणूंना बाधते.

एकदा साचलेला धातू काढणे किती जिकिरीचे असते, हे जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्याने दाखवले आहे. कामिओका खाणीतून नदीत आणि नदीतून भातखाचरांत उतरलेल्या कॅडमिअममुळे हाडे ठिसूळ करणारा इताई-इताई हा विकार उद्भवला. 1968 मध्ये शासनाने त्याचे कारण मान्य केले, तरी दूषित थर गाडून त्यावर स्वच्छ माती पसरण्याचे काम 2012 पर्यंत चालले. याहून स्वस्त उपाय म्हणजे वनस्पतींकरवी शुद्धी: मोहरी, सूर्यफूल यांसारखी झाडे काही धातू शोषून घेतात, तर आर्सेनिक विलक्षण प्रमाणात साठवणाऱ्या एका नेच्याची नोंद 2001 मध्ये झाली. मात्र या पद्धतीला अनेक हंगाम द्यावे लागतात, आणि कापलेले पीक गुरांपुढे किंवा उकिरड्यावर टाकल्यास काढलेला धातू पुन्हा शेतात परततो. चुना किंवा बायोचार, म्हणजे कमी हवेत जाळून केलेला कोळसा, मिसळल्यास काही धातूंचे पिकात उतरणे घटते. त्याला स्थिरीकरण म्हणतात, निर्मूलन नव्हे.

केंद्र सरकारने 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले, हे स्वागतार्हच; पण सामान्य शेतकऱ्याच्या हाती असते ती 2015 पासूनची मृदा आरोग्य पत्रिका. तिच्यातील 12 घटकांत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य व दुय्यम अन्नद्रव्ये यांच्याबरोबर जस्त, लोह, तांबे, मंगल व बोरॉन आहेत. शिसे, कॅडमिअम, आर्सेनिक, पारा व क्रोमिअम यांना रकानाच नाही. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा दात, खूर आणि चाल पाहिल्याशिवाय सौदा करत नाही; जमिनीची पारख त्याहून सैल असू नये. प्रत्येक शेताची अशी तपासणी खर्चिक असली, तरी शहरी कंपोस्ट, कारखान्याची मळी किंवा धरणातील गाळ शिवारात पसरण्यापूर्वी त्याची चाचणी बंधनकारक करणे शासनाला आणि तशी मागणी ग्रामसभेत ठरावाने नोंदवणे गावाला सहज शक्य आहे. वाचकांकडे एवढीच मागणी आहे, की येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा.