आधी घरचे, मग?



परवा फाइल आवरताना माझी लसीची सर्टिफिकेटं सापडली. मार्च २०२१, एप्रिल २०२१ आणि जानेवारी २०२२ चा बूस्टर. मला डायबेटीस आहे, म्हणून तो लवकर मिळाला.

दुसरा डोस घेतला त्याच एप्रिलमध्ये धाकट्या नणंदेचा मुलगा गेला. वय ३८. त्याच्या वयाच्या लोकांना लस १ मेपासून होती. तोवर भारतातून ६ कोटींहून जास्त डोस बाहेरच्या देशांत गेले होते. फोनवर मी ओरडले होते, "घरचं पोर उपाशी आणि शेजाऱ्याला पंगत!" ते बोलणं मी आजही मागे घेत नाही. घर जळत असताना कुणी विहीर वाटत बसत नाही.

पण बी.कॉम. झालेल्या बाईला हिशेब सुटत नाही. लस पाठवणं थांबलं तेव्हा बांगलादेशचा ३ कोटी डोसांचा करार होता, पैसेही आगाऊ भरलेले होते. त्यांना विकतचे ७० लाख मिळाले आणि पुढचे अडकले. पहिला डोस घेतलेली माणसं दुसऱ्याची वाट बघत बसली. आमच्या यांच्या दुकानात ॲडव्हान्स घेतलेलं पोतं दुसऱ्याला दिलं असतं, तर सासऱ्यांनी जेवण सोडलं असतं. त्यांचंही कुणी ३८ वर्षांचं असेलच ना?

आणि माझा तिसरा डोस. तेव्हा आफ्रिका खंडात दोन्ही डोस झालेले लोक शंभरात दहाच्या आसपास होते. कॅनडासारख्या देशांनी लोकसंख्येच्या कितीतरी पट मागणी आधीच नोंदवून ठेवली होती. त्याबद्दल आमच्या सोसायटीत कुणी ओरडलं नाही, मीसुद्धा नाही. एप्रिलमधला राग भीतीपोटी होता, तो मी समजू शकते. जानेवारीतली शांतता मात्र परिग्रहाची होती. पर्युषणात साड्यांची, भांड्यांची मर्यादा घेणाऱ्या आपण, हा साठा कुणीच मोजला नाही.

सून म्हणाली, "मग मम्मी, तुम्ही बूस्टर नाकारला असता का?"

नसता. मी नाकारलेला डोस काही आफ्रिकेत पोचला नसता, तो ठराव सरकारांनीच करायचा असतो. पण सरकारं आपलं तोंड बघून ठरवतात, आणि तेव्हा मी तोंड उघडलं नव्हतं.