ऐकायला कोणी बोलावत नाही

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे मुंबईला गेलो असताना तिने मला पाश्चात्त्य संगीताच्या एका मैफलीला नेले. सभागृह लहान, व्यासपीठावर माणसे चारच : व्हायोलिन, व्हिओला, चेलो आणि ओबो. ध्वनिवर्धक नाही, निवेदक नाही, हारतुरे नाहीत. रचना मोझार्टची, त्याने १७८१ साली म्युनिकमध्ये लिहिलेली. ओबोवादकाने पहिला सूर लावला आणि मी मुलीच्या कानात म्हणालो, "अगं, ही तर आपली सनई!"

ती हसली, पण माझे म्हणणे अगदीच अडाणीपणाचे नव्हते. दोन्ही वाद्यांच्या तोंडाशी पातळ पाती जोडीने बांधलेल्या असतात. फुंकर घातली की त्या थरथरतात आणि लाकडी नळी त्या थरथरीचा सूर करते. ओबोवर चाव्यांचे जाळे असते, सनईवर उघडी भोके; म्हणूनच सनईवाला बोट जरासे सरकवून सूर हवा तसा वळवतो. त्या रचनेच्या शेवटच्या भागात काही क्षण ओबो चारच्या चालीने धावतो आणि बाकीचे तिघे सहाच्या चालीत झुलत राहतात. मला तिथे आमच्याकडची हलगी आठवली.

आणि हलगीबरोबर आखाडा बाळापूर आठवले. १९९४ साली मी तिथे एका बँकेत अधिकारी होतो. कळमनुरी तालुक्यातले हे बाजाराचे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. एक सनईवाले मामा दोन नव्या सनयांसाठी कर्ज मागायला आले. मी नियमाप्रमाणे कोटेशन मागितले. सनई घडवणाऱ्या कारागिराकडे छापील बिलबुक कुठून असणार? म्हैस मागितली असती तर कर्ज त्याच आठवड्यात झाले असते. मी 'कागदपत्रे अपुरी' असा शेरा मारून अर्ज परत केला. मामांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि जाता जाता म्हणाले, "साहेब, वाजवायला सगळेच बोलावतेत. ऐकायला कोन्ही बोलावत नाही."

ते वाक्य मी त्याच रात्री वहीत टिपून ठेवले. कादंबरीकाराला अशा वाक्यांची हाव असते. त्यात आपल्यावर काही ठपका आहे, हे मात्र मला तीस वर्षांनंतर, मुंबईच्या त्या गार सभागृहात कळले.

आपण सनई ऐकतो म्हणजे काय करतो? लग्नात वाजंत्री मांडवाबाहेर, पंगतीत त्यांचे पान सर्वांत शेवटी. आता तर तेही नाही. वरातीला डीजे आणि मुहूर्ताला मोबाइलवरची सनई. मंगल म्हणून जिचे नाव घ्यायचे, ती वाजवणाऱ्या माणसाला उंबऱ्याच्या आत घ्यायचे नाही, हा आपला जुना व्यवहार. त्यामुळे ज्या घरांनी मुलांच्या हातून हे वाद्य काढून घेतले, त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. जातीने लादलेले काम टाकून देणे हा त्यांच्या स्वाभिमानाचा भाग होता. 'परंपरा जपा' असा उपदेश त्यांना करणे म्हणजे पुन्हा मांडवाबाहेर उभे राहा, असे सांगणेच झाले.

कोणी म्हणेल, सनई हे उघड्यावरचेच वाद्य, ते बैठकीत शोभणार कसे? पण ओबोची कथाही तीच आहे. त्याच्या मूळ फ्रेंच नावाचा अर्थच मुळी 'चढ्या आवाजाचे लाकूड'. त्याचे पूर्वज मिरवणुकांतून वाजत. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या वादक-कारागिरांनी त्याला नवे रूप देऊन दिवाणखान्यात आणले. आपल्याकडे बिस्मिल्ला खाँसाहेबांनी सनई मैफलीच्या मंचावर नेली आणि २००१ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. सोलापूरच्या जाधव घराण्याने सनईहून लहान असलेली सुंदरी मैफलीत रुजवली. वाद्य तयार आहे. कमतरता आहे ती सतरंजीवर गप्प बसणाऱ्या माणसांची.

खरे तर आपला सनईचा ताफा हीच एक छोटी मैफल आहे. एक सनई राग मांडते, दुसरी अखंड सूर धरून राहते आणि सोबतीला तालवाद्य. याला मोठे सभागृह लागत नाही, सरकारी अनुदानही लागत नाही. बाळापूरसारख्या गावात शाळेची एक खोली, चाळीस माणसे, तासभर वेळ. ध्वनिवर्धक नको, सत्कार नको, पुढाऱ्याचे भाषण तर नकोच. वादकांची बिदागी आधी हातात द्यावी, त्यांना समोर बसवावे आणि चहा पहिल्यांदा त्यांना द्यावा. एवढे जमले तर एखाद्या पोराला हे वाद्य शिकावेसे वाटेलही. नाही वाटले, तर तो त्याचा निर्णय.

मामा आता नाहीत. येत्या कोजागिरीला बाळापुरात अशी एक बैठक करायचे मी ठरवले आहे. बिदागी माझ्या पेन्शनमधून देईन. कोटेशन मागणार नाही.