चषक रुबाबाला, की श्वासाला?

श्वानप्रदर्शनात कुत्र्यांची एकमेकांशी तुलना करून विजेता ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः प्रत्येक कुत्र्याची तुलना त्याच्या जातीच्या लिखित आदर्शाशी होते. ‘ब्रीड स्टँडर्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वर्णनात डोके, डोळे, दातांची ठेवण, पाठ, शेपूट, केस, चाल आणि स्वभाव यांचा तपशील असतो. या आदर्शाच्या जो सर्वांत जवळ, तो श्रेष्ठ.

परीक्षक प्रथम लांबून एकूण बांधा न्याहाळतात. मग ओठ वर करून दात पाहतात आणि केसांखालची हाडे व स्नायू हातांनी चाचपतात, कारण कुशल छाटणीने अनेक उणिवा झाकता येतात. शेवटी कुत्र्याला दुडक्या चालीने पळवून त्याचे समोरून, मागून आणि बाजूने निरीक्षण केले जाते. खांद्याचा वा कमरेचा दोष चालीत सहसा लपत नाही.

पद्धत काटेकोर आहे; परंतु मुळातला आदर्शच अपायकारक असेल तर? चपटे नाक हेच सौंदर्य मानले, की पिढ्यान्‌पिढ्या अधिकाधिक चपट्या नाकाचीच निवड होते. २००८ साली बीबीसीच्या एका माहितीपटाने ब्रिटनमध्ये नेमका हाच प्रश्न विचारला आणि मोठे वादळ उठले. त्यानंतर तेथील केनेल क्लबने जातींच्या वर्णनांचा फेरविचार केला. २०१२ च्या ‘क्रफ्ट्स’ या जगप्रसिद्ध प्रदर्शनात १५ जातींच्या विजेत्यांची स्वतंत्र पशुवैद्यकांकडून तपासणी झाली. पेकिनीज व बुलडॉग यांच्यासह ६ जातींचे विजेते तीत अनुत्तीर्ण ठरले आणि त्यांना पुढील फेरीत प्रवेश मिळाला नाही. परीक्षकांनी उत्तम ठरविलेला प्राणी वैद्यकांच्या दृष्टीने निरोगी नव्हता!

२०१९ मध्ये केंब्रिज विद्यापीठ व केनेल क्लब यांनी पग, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग यांच्यासाठी श्वसनचाचणी सुरू केली. कुत्र्याला तीन मिनिटे भरभर चालवून, आधी व नंतर स्टेथोस्कोपने श्वास ऐकला जातो आणि ० ते ३ अशी श्रेणी दिली जाते.

हा विषय आपल्या घरापासून दूर नाही. जाहिरातींमुळे लाडका झालेला पग आज आपल्या शहरांतील अनेक सदनिकांत दिसतो. कुत्रे शरीरातील उष्णता मुख्यत्वे धापा टाकून बाहेर सोडते. श्वासमार्गच अरुंद असेल, तर आपला उन्हाळा त्याच्या जिवावर बेतू शकतो. याउलट दख्खनच्या माळावर शिकारीसाठी जोपासलेला लांब तोंडाचा, सडपातळ कारवानी पाहावा. त्याचे रूप त्याच्या कामातून घडले आहे.

म्हणून पिल्लू घेण्यापूर्वी चषकांची यादी ऐकून भारावून जाऊ नये. त्याच्या आईवडिलांना काही मिनिटे चालताना पाहावे. नाकपुड्या मोकळ्या आहेत का, श्वासाला घरघर आहे का, हे तपासावे. चपट्या नाकाचे कुत्रे घरात असेलच, तर त्याचे वजन आटोक्यात ठेवावे व उन्हाळ्यात पहाटेच फिरवावे. त्याचे घोरणे मुलांना गमतीचे वाटते. पण ते अनेकदा अडलेल्या श्वासाचे लक्षण असते. हिरड्या निळसर दिसल्या किंवा धाप थांबेना, तर विनाविलंब पशुवैद्यकांकडे न्यावे.

प्रदर्शनातील परीक्षक कुत्र्याला काही मिनिटे पाहतात. आपल्याला त्याच्यासोबत दहा-बारा वर्षे काढायची असतात. आपल्या परीक्षेत पहिला गुण मोकळ्या श्वासालाच असावा.