दिवाळसण आणि तापलेले इंजिन

दिवाळसणाला आलेल्या जावयाने काय करावे? सुवासिक तेलाने अभ्यंग करून घ्यावे, अनारसे कसेही झाले असले तरी दोन जास्त खावेत, आणि सासऱ्याने अंगठी पुढे केली की "कशाला, कशाला" म्हणत बोटही पुढे करावे. आमचे भाऊजी मात्र १९७२ च्या दिवाळीत अकोटला आले आणि नरकचतुर्दशीचे अभ्यंग आटोपून तास होत नाही तोच कोपरापर्यंत काळ्या तेलाने माखले!

भाऊजी दाभोळच्या खाडीत लाँचवर इंजिन-ड्रायव्हर होते. आमची वऱ्हाडातली ताई कोकणात कशी जाऊन पडली, ही वेगळीच गोष्ट आहे. ती पुन्हा केव्हातरी. आज सांगायचे आहे ते इंजिनाचे.

अकोटच्या उत्तरेला सातपुडा आणि नरनाळ्याचा किल्ला. त्या अंगाला विहिरींना गोडे पाणी आणि संत्र्याच्या बागा. दक्षिणेला पूर्णा नदीकडे निघालो की खारपाणपट्टा लागतो. तिथे विहीर खणावी तो पाणी मचूळ, खारट. पिकाला चालत नाही की तोंडाला. आमची बाग सुदैवाने उत्तरेकडची. पण १९७२ साल दुष्काळाचे. झाडांवर मृगाचा बहार कसाबसा टिकला होता आणि त्याची सारी भिस्त विहिरीवरच्या पाच घोड्यांच्या डिझेल इंजिनावर होती.

ऐन धनत्रयोदशीला सालदार धावत आला. "मालक, इंजन लय तापलं जी! हात लाववत नाई."

बाबा संतापले. "तेल घातलं नसशील! दुरुस्तीचा खर्च तुझ्या सालातून कापीन!" सालदार खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या घरीही दिवाळी होती.

दुसऱ्या दिवशी भाऊजी बाबांबरोबर मळ्यात गेले, मीही मागोमाग. इंजिन सुरू केले, तर पाव तासात पुन्हा तापले. बाबांनी ते बंद करून विहिरीच्या गार पाण्याची बादली उचलली. भाऊजींनी त्यांचा हात धरला. "मामा, कंदिलाच्या तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला तर काय होतं? याचंही डोकं तसंच तडकेल. आपोआप निवू द्या."

मग ते सालदाराकडे वळले. "पाण्याची धार कशी पडते रे? आधी कशी पडायची?"

त्या माणसाला दोन दिवस सगळे बोलत होते. विचारले मात्र कोणीच नव्हते. तो म्हणाला, "आंदी करंगळीएवढी पडे. आता सुतासारखी पडते, अन् कढत."

"झालं! अर्धं निदान इथेच झालं," भाऊजी म्हणाले.

लाँचच्या पोटातले इंजिन समुद्राच्या पाण्याने गार राहते. तळाच्या भोकातून जाळीवाटे पाणी आत येते, रबरी पाकळ्यांची फिरकी ते पुढे ढकलते, ते इंजिनाची उष्णता घेते आणि बाहेर पडते. म्हणून इंजिन सुरू झाले की ड्रायव्हर आधी कडेवरून वाकून धार पाहतो. धार नसली तर तळाची तोटी उघडी आहे का, जाळीत शेवाळ अडकले का, फिरकीच्या पाकळ्या तुटल्या का, असे बाहेरून आत शोधत जायचे. आमच्या इंजिनात फरक एवढाच, की समुद्राच्या जागी विहीर होती आणि पंपाच्या नळाची एक बारीक फाटी इंजिनाला पाणी पुरवीत होती.

इंजिन निवल्यावर भाऊजींनी तेलाची दांडी काढून पाहिली. तेल खुणेबरहुकूम होते. बाबांनी नजर दुसरीकडे वळवली. पट्टा घट्ट होता. धुरही काळा नव्हता, म्हणजे इंजिनावर जास्त भार पडत नव्हता. मग फाटीचा नळ इंजिनापासून सोडवून क्षणभरच इंजिन चालवले. अंगठ्याएवढी धार उडाली!

"पाणी दारापर्यंत येतंय, घरात शिरत नाही. बिघाड आत आहे."

इंजिनाच्या सिलिंडरभोवती पाणी फिरायला पोकळी असते. तिचे झाकण उघडले, तर आत करड्या-पांढऱ्या खपल्यांचे थरच्या थर. भाऊजी चकित झाले. "मामा, हे इंजिन समुद्रावर होतं की काय?"

बाबा थबकले. ते इंजिन त्यांनी पूर्णेकडच्या एका शेतकऱ्याकडून जुने घेतले होते. विहिरीला खारे पाणी लागले म्हणूनच त्याने ते विकले होते! समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खारपाणपट्ट्यातली विहीर काही एवढी खारट नव्हे. पण तेच पाणी वर्षानुवर्षे तापत राहिले, तर क्षार भिंतीला धरायचेच.

जेवणाचा डबा घेऊन आई आली होती. ती डोकावून म्हणाली, "आपल्या बंबात बसतो तसलाच थर हा. मग लाकडं जास्त लागतात."

"अगदी तेच, मामी! बंबात उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, म्हणून लाकडं जास्त. इथेही पोचत नाही, म्हणून इंजिन भाजून निघतं."

खपल्या बोथट तारेने खरवडल्या. उरलेल्या थरासाठी भाऊजींनी आम्ल पाण्यात थोडे थोडे ओतले. पाणी आम्लात कधीच ओतायचे नाही. ते उसळून अंगावर येते. आत फसफसले, गढूळ पाणी आले. मग धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि नंतर भरपूर साधे पाणी फिरवले, म्हणजे लोखंड खाणारे आम्ल मागे राहायला नको. नवे पॅकिंग घालून झाकण आवळले.

पाडव्याच्या सकाळी बाबांनी हँडल सालदाराच्या हातात दिले. इंजिनाने ठेका धरला. तासाभराने सालदाराने धारेखाली हात धरला आणि हसला. "कोमट हाय जी!"

बाबा माफी मागणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी स्वतःसाठी आणलेले कोरे धोतर त्याच्या खांद्यावर टाकले आणि म्हणाले, "सालातून काही कापायचं नाही. तेल तू घातलं होतंस." सालदार म्हणाला, "पोट त्याचं बिघडलं व्हतं मालक, माहा हात नाई."

वाचकहो, तुमच्या घरी इंजिन नसेल, मोटार असेल. ती तापली तर भार कमी करा, थांबवा, निवू द्या; तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नका. मग बाहेरून आत शोधा: आधी पाणी, मग तेल, मग बाकीचे. आणि जो माणूस रोज ते यंत्र चालवतो, त्याच्यावर तापण्यापूर्वी त्याला एकदा विचारा, "धार कशी पडते?"